सिग्नल दुरुस्त होतो आणि आठवड्यात परत पिवळ्यावर जातो : आमच्या चौकाचं दुखणं कुठं होतं

तक्रार नेहमीचीच. सकाळी बघावं तर चौक चारी बाजूंनी पिवळा लुकलुकतोय, शाळेच्या रिक्षा एकमेकींच्या अंगावर आलेल्या, मधे एक हवालदार शिट्टी फुंकून घामाघूम. अकराच्या सुमाराला देखभालीवाल्याची गाडी येते. माणूस पेटी उघडतो, एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली पाडतो, वर करतो, सिग्नल सुरू. दोन मिनिटांचं काम. आठवडाभरानं परत तेच.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात कंट्रोल पॅनेल दुरुस्तीचं लहान वर्कशॉप आहे. लेथ, सीएनसी, फौंड्रीतल्या भट्ट्या, यांची कार्डं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या, माझ्या टेबलावर येतात. सिग्नलचं काम खरं तर माझं नव्हे. पण या चौकाची देखभाल ज्याच्याकडं होती त्यानं एकच कार्ड तिसऱ्यांदा आणून दिलं, आणि तिसऱ्यांदाही मला त्यात काही सापडलं नाही. कार्ड ठणठणीत. मग म्हटलं, कार्ड राहू दे, चौकच दाखव.

चौकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुनी यंत्रणा, वर नवे एलईडी दिवे, मधे कुणाचाच मेळ नाही, अशी अवस्था असलेले चौक कुठल्याही गावात असतात. तुमच्याकडं असाच त्रास असेल तर खालचा उलगडा उपयोगी पडेल. एक आधीच सांगतो : पेटी उघडणं हे ज्याच्याकडं देखभाल आहे त्याचं काम. आत २३० व्होल्ट आहेत. बाकीच्यांनी बाहेरून बघावं, टिपून ठेवावं आणि विचारावं.

लुकलुक आणि अंधार ही दोन वेगळी दुखणी

लोक म्हणतात "सिग्नल बंद आहे". त्यात दोन प्रकार येतात. सगळेच दिवे गेले असतील तर वीजपुरवठा बघायचा : लाईट गेली का, मेन फ्यूज उडाला का, बॅटरी बॅकअप असेल तर ती उतरली का. पिवळा लुकलुकत असेल तर मात्र वीज आहे, कंट्रोलरही जिवंत आहे. त्याला फक्त कशाचा तरी भरवसा वाटत नाहीये.

पेटीत प्रोसेसरचं कार्ड असतं, ते कधी कुठला दिवा लावायचा ते ठरवतं. त्याच्या हुकमावर दिवे चालू-बंद करणारी स्विचिंग कार्डं असतात, त्यांत प्रत्येक रंगाला एक ट्रायॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. आणि या दोघांवर नजर ठेवणारं तिसरं असतं मॉनिटर कार्ड. समोरासमोर धडक होईल असे दोन हिरवे एकदम लागले, लाल लावला पण तो पेटलाच नाही, व्होल्टेज फार खाली गेलं, यांतलं काहीही दिसलं की मॉनिटर सगळा कारभार काढून घेतो आणि चौक पिवळ्या लुकलुकीवर टाकतो. म्हणजे हळू या, बघून जा. ते बिघाडापासून वाचवणं आहे. लाल लुकलुकत असेल तर नियम वेगळा : आधी थांबायचं, मग बघून जायचं.

आणि इथंच पहिली चूक होते. एमसीबी पाडला की मॉनिटरनं काय पाहिलं याची नोंद जुन्या कंट्रोलरमध्ये पुसली जाते. गाडी बंद पडली की किक मारावी तशी ही सवय सगळ्यांना लागलीय. आमच्या पेटीत दोन आकडी छोटा डिस्प्ले होता. गेल्या कित्येक वर्षांत तो कुणी वाचला असेल असं त्याच्यावरच्या धुळीकडं बघून वाटलं नाही. तेव्हा पहिलं काम हे : पेटी उघडल्या उघडल्या डिस्प्लेचा आणि कार्डांवरच्या लाल-हिरव्या एलईडींचा फोटो. मगच एमसीबीला हात.

उधारीच्या वहीचं शेवटचं पान

मी गेलो तेव्हा सिग्नल अर्थातच व्यवस्थित चालू होता. डॉक्टरच्या दारात गेलं की दाढ दुखायची थांबते, तसं. पेटीच्या पलीकडं चहाचा गाडा आहे. गाडेवाल्या मामांना विचारलं, "मामा, ह्यो कधी कधी जातोय?"

"सुट्टी असली की जातोय बघा. कारखान्याच्या सुट्टीला तर हमखास. नाय तर मग रात्री उशिरा. आणि पाऊस लागला की दिवसाबी."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? लिहिलंय की."

उधारीच्या वहीचं शेवटचं पान त्यांनी उलटं करून दाखवलं. सिग्नल गेला की गाड्यावर गर्दी वाढते, अडकलेली माणसं चहा घेतात, म्हणून त्यांनी तारखा मांडून ठेवल्या होत्या. धंद्याचा हिशेब. पण त्या एका पानानं मला जे सांगितलं ते तीन वेळा कार्ड उघडूनही कळलं नव्हतं. दुखणी दोन होती : एक सुट्टीच्या दिवशीचं आणि रात्रीचं, दुसरं पावसाचं. आजवर दोन्हींवर एकच औषध चाललं होतं.

सुट्टीच्या दिवशी का जातो

सुट्टीला काय बदलतं? रहदारी कमी होते, पण कंट्रोलरला रहदारी कळत नाही. आमचा कंट्रोलर घड्याळावर चालणारा, रस्त्यात ना गाड्या ओळखणारी कॉइल, ना कॅमेरा. बदलतं ते व्होल्टेज. कारखाने, वर्कशॉप, दुकानं बंद असली की त्या ट्रान्सफॉर्मरवरचा भार उतरतो आणि व्होल्टेज चढतं. कामाच्या दिवशी दुपारी मीटरवर २२२ व्होल्ट मिळाले, सुट्टीच्या सकाळी २४६.

आता जुन्या दिव्यांचा हिशेब बघा. पूर्वी प्रत्येक लाल दिव्यात १०० वॉटचा फिलामेंट बल्ब होता. एका बाजूला तीन लाल, म्हणजे ३०० वॉट, म्हणजे साधारण १.३ अँपिअर. हा करंट वाहतोय का, हे बघूनच मॉनिटर ठरवतो की लाल पेटलाय. करंट ठरावीक पातळीच्या खाली गेला की लाल उडाला असं धरायचं आणि चौक लुकलुकीवर टाकायचा. सरळ, भरवशाची रचना.

मग वीज वाचवायची म्हणून बल्ब काढून एलईडी बसवले. एक एलईडी दिवा १२ वॉटचा, तीन मिळून ३६. करंट एकदम अँपिअरवरून मिलिअँपिअरवर आला. मॉनिटरच्या नजरेनं सगळेच लाल उडाले! तेव्हा बसवणाऱ्यानं काय केलं, तर कार्डावरचा प्रीसेट, तो बारका स्क्रू, पार खालच्या टोकाला फिरवला. खालचं टोक निघालं १५० मिलिअँपिअर. सिग्नल चालू झाला, बिल निघालं, माणूस गेला.

पॉवर फॅक्टर (वॉटच्या हिशेबापेक्षा थोडा जादा करंट ओढला जातो तो भाग) तूर्त बाजूला ठेवू. ३६ वॉटला २२२ व्होल्टवर १६२ मिलिअँपिअर लागतात. पास. २४६ व्होल्टवर किती? १४६. नापास. फिलामेंटचा बल्ब व्होल्टेज वाढलं की जास्त करंट ओढतो. एलईडीच्या आतला एसएमपीएस, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज करून देणारं सर्किट, उलटा वागतो : त्याला ठरलेले वॉट हवे असतात, व्होल्टेज वाढलं की तो करंट कमी करतो. म्हणजे वीज जितकी चांगली, तितका हा सिग्नल आजारी. कामाच्या दिवशी चालायचा, सुट्टीला जायचा, आणि दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी यायचा तेव्हा कारखाने सुरू होऊन व्होल्टेज उतरलेलं असायचं.

हे कागदावर पटलं तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मानत नाही. तीन एलईडी दिवे, ते कार्ड आणि डिमरस्टॅट (मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) टेबलावर मांडला. २२० ला तिन्ही लाल निवांत. डिमरस्टॅटची मूठ हळूहळू फिरवत गेलो. २३०, २३५, २३८. चाळिशीपाशी रिले टक्कन पडला आणि कार्डावरचा लाल ठिपका लागला. मूठ मागं घेतली, रीसेट दाबलं, परत ठीक. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच. देखभालीवाला शेजारी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "आईशप्पथ, तीन कार्डं बदलली की ओ."

तुमच्याकडं तपासायचं असेल तर एक युक्ती. साध्या क्लॅम्प मीटरला इतका बारका करंट नीट दिसत नाही. तार क्लॅम्पच्या जबड्यातून दहा वेळा फिरवून घ्या आणि जे रीडिंग येईल त्याला दहानं भागा. आणि मोजायचंच तर सुट्टीच्या सकाळी मोजा.

इलाज तीन आहेत, त्यांतला एक अजिबात करू नका. मॉनिटरला बायपास करणं. दोन तारा जोडल्या की काम होतं, लुकलुक कायमची बंद. पण मग एका बाजूचे सगळे लाल गेले आणि दुसऱ्या बाजूला हिरवा लागला, तर सांगणारं कुणीच उरत नाही. लाल दिसला नाही म्हणून येणारा चुकीचा नसतो, हिरवा दिसला म्हणून येणाराही नसतो. आणि दोघं चौकाच्या मधोमध भेटतात.

दुसरा इलाज तात्पुरता : लाल दिव्यांच्या जोडीला समांतर एक वायरवाउंड रेझिस्टर, ज्याला डमी लोड म्हणतात. आम्ही २.३ किलोओहमचा घातला, तो १०० मिलिअँपिअर जादा ओढतो. हिशेब इथं जपून करायचा. १ किलोओहमचा घातला असता तर एकट्या रेझिस्टरचाच करंट २३० झाला असता, १५० च्या वर. मग तिन्ही लाल जळून गेले तरी मॉनिटर "सगळं ठीक" म्हणत राहिला असता. पैसे न देता केलेलं बायपासच ते. २.३ किलोओहमला तिन्ही लाल गेले की उरतात १००, मॉनिटर ओरडतो. रेझिस्टरही ५० वॉटचा तरी घ्या, कारण तो २३ वॉट उष्णता ओकतो. चार बाजूंचे चार मिळून नव्वदच्या घरात. म्हणजे वीज वाचवायला एलईडी लावले आणि पेटीत शेगडी बसवली. उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या पेटीत आधीच काय असतं ते सांगायला नको. उष्णतेनं एसएमपीएसमधले कॅपॅसिटर सुकतात. ढोबळ हिशेबानं १० अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं.

खरा इलाज तिसरा : एलईडीसाठी बनवलेलं मॉनिटर कार्ड, किंवा ज्याची पातळी सॉफ्टवेअरमधून खाली आणता येते असा कंट्रोलर. आम्ही पाच महिने शेगडीवर काढले, मग ते कार्ड आलं.

रात्री दिसणारा भुताटकी हिरवा

याच गोंधळाचं धाकटं भावंड. लाल लागलाय आणि खाली हिरवा अगदी मंद, काजव्यासारखा, मधूनमधून चमकतोय. दिवसा दिसत नाही. ट्रायॅक बंद असला तरी त्याला झटक्यांपासून वाचवणाऱ्या जोडीच्या स्नबर कॅपॅसिटरमधून थोडा करंट झिरपतो. ०.१ मायक्रोफॅरडचा असेल तर सुमारे ७ मिलिअँपिअर. फिलामेंटच्या बल्बला याचं काहीच नव्हतं, तो सगळा झिरपा गिळून टाकायचा. एलईडीच्या एसएमपीएसला मात्र तेवढ्यावर अर्धवट जाग येते.

मीटर लावला तर बंद हिरव्यावर शंभरावर व्होल्ट दाखवतो, टेस्टरही पेटतो, आणि वायरमन म्हणतो केबल शॉर्ट आहे. खणाखणी सुरू करण्याआधी त्याच टोकाला साधा १०० वॉटचा बल्ब लावून परत मोजा. व्होल्टेज शून्यावर बसलं तर तो झिरपा. तसंच राहिलं तर खरोखर केबल. झिरप्यावर दिव्याच्या टोकाला १० किलोओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर पुरतो. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण काही मॉनिटर हाच व्होल्टेज बघून दोन हिरवे लागल्याचा निकाल देतात आणि परत लुकलुक.

पावसाचं दुखणं

वहीतल्या दुसऱ्या नोंदी पावसाच्या. मृगाची पहिली सर पडली की हमखास. तेव्हा डिस्प्लेवरचा आकडाही वेगळा यायचा. फोटो काढायची सवय लागल्यावर ते कळलं.

पेटीपासून खांबापर्यंत १२ कोरची (आत बारा वेगळ्या तारा असलेली) आर्मर्ड केबल जमिनीतून जाते. केबल सहसा जागच्या जागी खराब होत नाही, ती तोडली जाते. पाण्याची लाईन, ड्रेनेज, फायबर, दरवर्षी कुणी ना कुणी रस्ता उकरतंच. जेसीबीचा दात लागतो, कोरं तुटतात, मग तिथंच जॉइंट मारून माती लोटतात. तो जॉइंट कुठं आहे हे मारणाऱ्यालाच ठाऊक.

शोधायचं असं. केबलचं पेटीतलं टोक आणि खांबावरचं टोक, दोन्ही सोडवायची. मेगर (तारेचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजणारा मीटर) ५०० व्होल्टवर घ्यायचा आणि प्रत्येक कोर अर्थशी व कोर कोराशी मोजायचं. कार्ड जोडलेलं ठेवून मेगर फिरवलात तर कार्डाला श्रद्धांजली. निरोगी केबलला दहाच्या वर मेगाओहम सहज येतात, १ च्या खाली आलं की संशय नको, खात्रीच धरा.

आम्ही मोजलं तेव्हा आले ६. म्हणजे १ च्या वर, चालण्यासारखं. पण चार दिवस ऊन पडलेलं. इथंच सगळे फसतात : पावसात बिघडतं, उन्हात तपासतात. मामांच्या गाड्यावरून बादली घेतली. पेटीपासून खांबापर्यंत फूटपाथवर जिथं जिथं पेव्हिंग ब्लॉक खचलेला किंवा रंगानं वेगळा दिसला, तिथं एकेक बादली ओतत गेलो आणि वायरमन पेटीपाशी मेगर बघत बसला. तिसऱ्या जागेवर त्यानं हाक मारली, "पडला, पडला! पॉइंट दोनवर आला!"

ब्लॉक उचलले. दीड वीत खाली जॉइंट. काळी टेप, तीवर सुताची टेप, आणि तीवर दुधाची प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सुतळीनं बांधलेली. मारणाऱ्यानं आपल्या परीनं पाणी अडवायचा प्रयत्न केला होता, हे मान्य करायला हवं. पण पिशवीनं उलटं केलं : आत शिरलेलं पाणी बाहेर जाऊ दिलं नाही. आत तांब्याच्या तारांवर हिरवा गंज, आणि दोन कोरांच्या मधे ओल्या मातीचा पूल. पाऊस पडला की लालचं व्होल्टेज त्या पुलावरून हिरव्यावर जायचं. मॉनिटर लुकलुकीवर टाकत होता ते अगदी बरोबर होतं.

मी म्हटलं अख्खी केबल बदला, बिनजोडाची एकच लांबी टाका. पैसे नव्हते. तेव्हा रेझिन ओतायचं जॉइंट किट वापरलं : कोरं क्रिम्प करायची (दाबून जोडायची), साच्यात ठेवायची, दोन भागांचं रसायन मिसळून ओतायचं, ते दगडासारखं घट्ट होतं. जॉइंटवर वीट रचली आणि जागेचं माप, पेटीपासून किती फूट आणि कठड्यापासून किती, पेटीच्या दाराच्या आत लिहून ठेवलं. यापुढं उकरणाऱ्याला वाचायला तरी मिळेल.

याच वेळी लक्षात आलं की पेटीतला अर्थ लीकेज ब्रेकर (वीज जमिनीत गळायला लागली की पडणारा) कुणीतरी काढून टाकलाय. पावसात सारखा पडायचा म्हणून. तो पडत होता कारण खाली हा जॉइंट होता! लोखंडी खांब, ओला फूटपाथ, तुटकी अर्थ वायर आणि ब्रेकर नाही. शाळेची मुलं त्याच खांबाला टेकून उभी राहतात. मी सांगून टाकलं, बाकी काही उद्या करा, ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर आणि अर्थिंग आज. तोवर मामा सगळ्यांना खांबापासून लांब हाकलत होते. तुमच्या चौकात पावसात खांबाला झिणझिण्या येत असतील तर सिग्नलची तक्रार म्हणून नव्हे, विजेचा धोका म्हणून कळवा. त्याला वेगळी धावपळ होते.

पुराच्या पट्ट्यातल्या पेट्यांचं अजून एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात व्हीनस कॉर्नर, दसरा चौकाकडच्या भागात पाणी कुठवर आलं होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोक्याची ४३. अशा ठिकाणी पेटीचा कट्टा उंच हवा आणि आतली कार्डं खेचून काढता येतील अशी हवीत. ३९ चा आकडा आला की वीज तोडून कार्डं काढून कोरड्या जागी नेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. आणि पाण्यात बुडालेलं कार्ड वाळलं म्हणून लगेच वीज देऊ नका. गाळ वाळतो, पण जात नाही. आधी स्वच्छ पाण्यानं धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मग दोन दिवस सुकवा.

भर दुपारी रात्रीचा कार्यक्रम

आणखी एक लुकलुक आहे, ती बिघाडाची नसतेच. रात्री अकरानंतर रहदारी कमी म्हणून चौक मुद्दाम पिवळ्यावर ठेवतात. लाईट जाऊन आली आणि दुपारी दोनला पिवळं सुरू झालं, तर कंट्रोलरचं घड्याळ बघा. आतला नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, उतरला की लाईट जाताच घड्याळ मध्यरात्रीवर येतं आणि कंट्रोलर प्रामाणिकपणे रात्रीचा कार्यक्रम लावतो. सेल ३ व्होल्टचा. मनगटी घड्याळवाल्याकडं मिळतो, चहा-नाष्ट्याच्या पैशात. त्यापायी अख्खं प्रोसेसर कार्ड बदललेलं मी पाहिलंय.

घड्याळाचाच दुसरा उपद्रव : एकाच रस्त्यावरचे दोन चौक जुळवलेले असतात, एकाचा हिरवा घेऊन निघालात की पुढचाही हिरवा मिळावा म्हणून. साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत २० धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला पन्नासएक सेकंद. मग पुढच्या चौकात बरोब्बर लाल. लोक म्हणतात वेळा चुकीच्या लावल्यात. वेळा बरोबर असतात, घड्याळं भांडत असतात. जीपीएसवरून वेळ घेणारा बारका मोड्यूल बसवला की हे भांडण मिटतं.

उलटे आकडे मोजणाऱ्या टायमरबद्दल फार लिहीत नाही. बरेचसे टायमर मागच्या फेरीत किती वेळ लागला ते लक्षात ठेवून आकडे दाखवतात. हवालदार साहेबांनी मिरवणुकीसाठी हातानं सिग्नल चालवला की पुढच्या फेरीत ते चुकणारच. एक-दोन फेऱ्यांत जागेवर येतात. नाहीच आले तर तक्रार करा. आणि दिवाच दिसत नसेल तर तक्रारीआधी मान वर करून बघा, वाढदिवसाचा फ्लेक्स किंवा झाडाची फांदी आडवी नाही ना. आपल्या गावात पहिलीच शक्यता जास्त.

नवीन यंत्रणा घ्यायची ठरलीच तर

आता या चौकाचं नूतनीकरण होणार असं ऐकतोय. होऊ दे. पण पैसा वरून खाली येतो आणि वरच संपतो, हा माझा अनुभव. आधी चकचकीत दिवे, मग कॅमेरे, मग कुठंतरी मोठा पडदा. केबल जुनीच, अर्थिंग जुनंच. माझ्या मते क्रम उलटा हवा. पहिल्यांदा जमिनीतलं : पाइपातून बिनजोड केबल, प्रत्येक वळणावर उघडता येईल असा चेंबर, नवी अर्थ पिट. मग कंट्रोलर. दिवे त्यानंतर, आणि कंट्रोलर व दिवे एकमेकांशी जुळतात हे टेबलावर डिमरस्टॅट फिरवून दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. २०० व्होल्टपासून २६० पर्यंत. अर्ध्या तासाची चाचणी आहे. ती झाली असती तर आमचं दीड वर्ष वाचलं असतं.

कंट्रोलर घेताना नोंद राहते का ते विचारा : तारीख, वेळ, कुठल्या बाजूचा कुठला रंग, किती व्होल्ट, आणि वीज गेली तरी न पुसणारी. पासवर्ड कुणाकडं राहणार ते लिहून घ्या. आमच्या जुन्या कंट्रोलरचा पासवर्ड बसवणाऱ्याबरोबर गेला. वेळा बदलायच्या तर त्या माणसाला शोधा, तो धंदा बदलून बसलेला. दुसऱ्या बनावटीचं कार्ड चालेल का, सुटे भाग किती वर्षं मिळतील, हेही आधीच. वायरिंगचा नकाशा दाराच्या आत चिकटवलेला हवा, ऑफिसातल्या फायलीत नको.

वेळाही त्याच दमात नव्यानं लावा. आमचा रस्ता रुंद करून १४ मीटर झाला, पण पायी जाणाऱ्यांचा हिरवा जुनाच, ८ सेकंद. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असा हिशेब धरतात, म्हणजे १२ सेकंद तरी हवेत, आणि तेही ठणठणीत माणसाला. आंबाबाईला निघालेल्या म्हाताऱ्या मावश्या मधेच अडकायच्या. हे बदलायला नवीन यंत्रही लागत नाही, फक्त तो पासवर्ड लागतो.

तक्रार करणाऱ्यांसाठी एवढंच : "सिग्नल बंद" असं लिहू नका. तारीख, वेळ, पाऊस होता का, सुट्टी होती का, कुठल्या बाजूचा खांब, अंधार की लुकलुक, आणि दोन फेऱ्यांचा व्हिडिओ. एवढं मिळालं तर येणारा माणूस कार्ड घेऊन न येता मेगर घेऊन येतो.

कार्ड बदलल्यापासून मामांच्या वहीत सुट्टीची एकही नोंद नाही. पावसाची एक आहे, पण त्या दिवशी सगळ्या भागाचीच लाईट गेली होती. मेगरचं रीडिंग शेवटी घेतलं तेव्हा ४० मेगाओहम आलं, तारखेसकट दाराच्या आत लिहिलंय. मेच्या अखेरीला, पावसाच्या तोंडावर, बादली घेऊन परत जाणार आहे. मामा म्हणाले, "या की. पण बादली धुऊन द्या ह्या खेपेला."